पिशवीतला पडदा आणि शस्त्राची घाई

स्त्रीच्या शरीरात गर्भाशय एकच असला, तरी तो घडतो दोन नळ्यांतून. आईच्या उदरात वाढणाऱ्या कन्येच्या देहात सहाव्या आठवड्याच्या सुमारास उजव्या-डाव्या अंगाला ज्या दोन सूक्ष्म नळ्या उत्पन्न होतात, आणि ज्यांना १८३० साली त्यांचे वर्णन करणाऱ्या योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव कायमचे चिकटले आहे, त्या खालच्या बाजूने हळूहळू एकमेकींजवळ सरकतात, जुळतात, आणि जुळल्यानंतर मधली भिंत विसाव्या आठवड्याच्या आगेमागे विरून जाते. दोन भावांची लागून असलेली घरे एक करताना मधली भिंत पाडून एकच प्रशस्त दालन करावे, तसा हा मामला आहे. पण बांधकाम म्हटले की त्यात कमीजास्त व्हायचेच. कधी घरे जुळतात पण भिंत तशीच राहते, आणि पडदा असलेला गर्भाशय तयार होतो; कधी घरे वरच्या भागात जुळतच नाहीत आणि द्विशृंगी, म्हणजे दोन शिंगांचा, गर्भाशय होतो; कधी ती अखेरपर्यंत वेगळी राहून दोन स्वतंत्र पिशव्या आणि दोन मुखे होतात; कधी एकच घर उभे राहते आणि दुसऱ्याचा नुसता चौथरा उरतो, म्हणजे एकशृंगी गर्भाशय आणि त्याच्या बाजूला एक अपुरे, खुरटे शिंग; आणि सुमारे पाच हजार मुलींत एखादी अशी असते की तिच्या बाबतीत गर्भाशयाची उभारणीच झालेली नसते. मूत्रपिंडांची घडणही याच सुमारास आणि याच परिसरात चालू असल्याने गर्भाशयाच्या ज्या बाजूला उणेपणा, त्या बाजूचे मूत्रपिंडही पुष्कळदा गैरहजर सापडते, ही बाब डॉक्टरांनीसुद्धा विसरू नये अशी आहे.

हे सारे दुर्मीळ असेल अशी आपली समजूत असते, आणि ती चुकीची आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी २०११ साली जगभरच्या अभ्यासांचा जो एकत्रित आढावा घेतला, त्यात सर्वसाधारण स्त्रियांपैकी शंभरात साडेपाच जणींच्या गर्भाशयाची रचना जन्मतः वेगळी असल्याचे दिसून आले, आणि ज्यांचे गर्भपात झाले होते त्यांच्यात हे प्रमाण शंभरात तेरांहून थोडे अधिक भरले. आपल्याकडे वाचले जाते ते बहुधा यातले दुसरेच वाक्य. पण पहिल्या वाक्यात जी गोष्ट दडली आहे ती अधिक महत्त्वाची आहे, कारण त्याचा अर्थ असा की आपल्या गावात, आळीत, आप्तसंबंधात अशा कितीतरी स्त्रिया आहेत ज्यांनी दोन-तीन मुले सुखरूप जन्माला घातली, नातवंडे खेळवली, आणि आपल्या पिशवीची घडण निराळी होती हे ज्यांना आयुष्यात कधी कळलेच नाही. रचनेतील वेगळेपण म्हणजे वंध्यत्व नव्हे आणि गर्भपाताची शिक्षाही नव्हे. ती एक वाढीव जोखीम आहे, आणि जोखीम म्हटली की तिच्यावर नजर ठेवायची असते.

दुर्दैवाने ज्या घटकेला ही गोष्ट सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते, ती घटका सहसा वाईट असते. एक-दोनदा दिवस जाऊन गर्भ टिकलेला नसतो, सासूबाईंचा धीर सुटत आलेला असतो, नवरा गप्प असतो, आणि अशा वेळी 'पिशवीत दोष आहे' हे तीन शब्द उच्चारले गेले की घरातल्या सगळ्या प्रश्नांना एकदम उत्तर सापडल्यासारखे होते. ते उत्तर बरोबर आहे की नाही, हे विचारण्याची कोणाला निकड वाटत नाही. या मनोवृत्तीचा इतिहास फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात असे सांगितले आहे की मातेच्या शोणितातील गर्भाशय घडवणारा बीजभाग दूषित झाला तर तिच्या पोटी वंध्या कन्या जन्मते. म्हणजे दोष त्या मुलीच्या आचरणात नसून तिच्या घडणीत आहे, हे त्या ग्रंथकर्त्याने ओळखले होते. (तो बीजभाग बिघडण्याचे कारण म्हणून मुलीच्या आईच्या आहारविहाराकडे बोट दाखवल्यावाचून मात्र त्यालाही राहवले नाही.) आज आपण इतके खात्रीने म्हणू शकतो की बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत या रचनाभेदाला टाळता येण्याजोगे कोणतेही कारण सापडत नाही, आईने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

आणि जिला मूल होत नाही तिच्या डोक्यावर सवत आणून बसवण्याची रीत तर आपल्या आजोबांच्या काळापर्यंत राजरोस चालू होती. मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा झाला तेव्हा त्याच्याविरुद्ध पुत्राच्या नावानेही पुकारा झाला, आणि प्रकरण उच्च न्यायालयापुढे आले असता १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती चागला यांनी त्या आक्षेपाचा जो निकाल लावला तो अजून वाचण्यासारखा आहे: पुत्राची धार्मिक आवश्यकता हिंदू धर्म मानतो हे खरे, परंतु तोच धर्म दत्तकविधानही मान्य करतो, तेव्हा वंशाचा प्रश्न एकपत्नीत्वाच्या चौकटीतही सुटतो, असा त्याचा आशय होता. कायद्याने सवत हद्दपार झाली खरी. तिच्या जागी पुष्कळ घरांत शस्त्रक्रिया आली, आणि 'एकदाची पिशवी दुरुस्त करून घ्या' हा आग्रह आता वैद्यकीय भाषेत होऊ लागला.

पिशवीची घडण निराळी असलेल्या स्त्रियांना गर्भारपणात आणि बाळंतपणात नेमके काय सोसावे लागते, याचा थोडा तपशील दिल्याखेरीज पुढचे म्हणणे समजणार नाही. पडदा असलेल्या गर्भाशयात पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकण्याची अडचण अधिक दिसते. दोन शिंगांच्या, एका शिंगाच्या किंवा दुहेरी गर्भाशयात सुरुवातीचे महिने बरे जातात, पण जागा अपुरी पडल्यामुळे म्हणा किंवा स्नायूंची घडण आणि रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे म्हणा, दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या मानाने दुप्पट-तिप्पट होते, आणि बाळाची वाढ कधी खुंटते. बाळाला डोके खाली करून फिरायला ऐसपैस जागा नसल्याने ते पुष्कळदा आडवे किंवा पायांकडून येते. पायाळू माणसाच्या पायाने पाठीतली उसण जाते, त्याला भूमिगत पाणी नि धन दिसते, त्याच्यावर वीज पडते, अशा नाना समजुती आपल्या समाजाने जपल्या; त्या पायाळू बाळाच्या आईची पिशवी कशी होती, हे विचारण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही. तशीच दुसरी समजूत सातमाशी मूल जगते आणि आठव्या महिन्यातले जगत नाही ही. तिच्याइतकी घातक समजूत शोधून सापडणार नाही, कारण गर्भातला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या फुफ्फुसाला बळ देतो, आणि आठव्यातले मूल सातव्यातल्यापेक्षा जगण्याची शक्यता अधिकच असते. ज्या गर्भाशयातून मुले लवकर येण्याची भीती आहे, त्या स्त्रीला जितके दिवस पुढे नेता येईल तितके न्यावे, हीच वैद्यकाची खरी कसोटी.

या साऱ्या प्रकारांत जीवघेणा असा एकच आहे. एकशृंगी गर्भाशयाच्या बाजूचे ते खुरटे शिंग पोकळ असेल, तर त्यात, मुख्य पोकळीशी वाट नसतानाही, गर्भ रुजू शकतो. शुक्रजंतू उदरपोकळीतून फिरून दुसऱ्या बाजूच्या नळीपर्यंत पोचतात, आणि पातळ भिंतीच्या त्या कोंदट जागेत वाढणारा गर्भ बहुधा चौथ्या-पाचव्या महिन्यात शिंग फाडून बाहेर येतो. १६६९ साली पॅरिसच्या मोरिसो या प्रसूतितज्ज्ञाने याचे वर्णन केले तेव्हापासून हे माहीत आहे. हा प्रसंग फार विरळा असला, तरी आला म्हणजे आईचा जीव काही तासांच्या रक्तस्रावावर येतो; आणि म्हणून असे पोकळ शिंग आधी सापडले तर ते दिवस जाण्यापूर्वी काढून टाकण्यास माझी हरकत तर नाहीच, उलट तेथे शस्त्राने विलंब करू नये असेच मी म्हणेन.

याच्या दुसऱ्या टोकाला दोन स्वतंत्र गर्भाशयांची स्त्री. तिचे बाळंतपण पुष्कळदा अडथळ्यावाचून पार पडते आणि केवळ दोन पिशव्या आहेत एवढ्या सबबीवर सिझर करण्याचे कारण नसते. २०१९ साली बांगलादेशात एका गरीब घरातील स्त्रीला मूल झाले, ती घरी गेली, आणि महिना भरायच्या आत पुन्हा पोटात दुखू लागले म्हणून जेसोरच्या इस्पितळात आली, तेव्हा दुसऱ्या गर्भाशयात जुळी असल्याचे आढळून तीही सुखरूप जन्मली. वर्तमानपत्रांनी ही हकिकत चमत्कार म्हणून छापली. त्याच बातम्यांत एक वाक्य असे होते की पहिल्या बाळंतपणाआधी तिची सोनोग्राफी कधी झालीच नव्हती. माझ्या दृष्टीने खरी बातमी ती होती.

आता शस्त्राविषयी. पडदा दिसला की दुर्बिणीतून तो कापून टाकायचा, हा उपचार गेली तीन-चार दशके जगभर रूढ आहे. तो करायला सोपा, बहुधा त्याच दिवशी घरी पाठवता येण्याजोगा, आणि ऐकायला इतका तर्कशुद्ध की त्याचा पुरावा मागण्याचे कोणाला सुचू नये. भिंत नको तेथे आहे, ती पाडली की घर मोकळे झाले! कापल्यानंतर पुष्कळ स्त्रियांना मूल झाले, म्हणजे कापल्यामुळेच झाले, हा निष्कर्षही मग आपोआप निघाला. न कापताही त्यांतल्या कितीजणींना झाले असते, हा प्रश्न मागे राहिला. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी तो प्रश्न उचलला, आणि त्यांनी, इंग्लंड, अमेरिका व इराण येथील सहकाऱ्यांसह, पडदा असलेल्या आणि पूर्वी गर्भपात, वंध्यत्व किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती भोगलेल्या ऐंशी स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी केली. एका गटाचा पडदा कापला, दुसऱ्याचा तसाच ठेवला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे: कापलेल्या एकोणचाळीस जणींपैकी बारांना जिवंत मूल झाले, न कापलेल्या चाळीसपैकी चौदांना. कापलेल्यांपैकी एकीच्या गर्भाशयाला शस्त्रक्रियेत भोक पडले.

ऐंशी ही संख्या लहान आहे, आणि एवढ्यावरून पडदा कापण्याचा उपयोग कधीच कोणाला होत नाही असा हुकूम काढणे हीही दुसऱ्या बाजूची घाईच ठरेल. वारंवार गर्भपात झालेल्या, खोल पडद्याच्या एखाद्या स्त्रीच्या बाबतीत अनुभवी डॉक्टराने सर्व बाजू तिच्यापुढे मांडून, तिच्या संमतीने तो मार्ग धरला तर त्याला दोष देता येणार नाही. तज्ज्ञांत याबाबत अजून एकवाक्यता नाही. पण ही ऐंशी माणसे जमवायलाही त्या देशांना आठ वर्षे लागली, आणि त्याचे एक कारण असे की शस्त्रक्रिया फायद्याचीच असणार ही खात्री डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही मनात इतकी रुजली होती की चिठ्ठीवर विसंबायला थोडेच तयार होत. त्यातही गंमत म्हणजे पडदा कशाला म्हणावे याचाच निवाडा झालेला नाही. युरोपीय संघटनांनी २०१३ साली केलेल्या वर्गवारीत आत आलेला उंचवटा गर्भाशयाच्या भिंतीच्या निम्म्या जाडीहून अधिक असला की तो पडदा ठरतो, तर अमेरिकेतील संस्थेने उंचवट्याची खोली सेंटिमीटरमध्ये आणि त्याचा कोन अंशांत मोजून निराळीच मर्यादा आखली. परिणामी एकीच्या पुस्तकाप्रमाणे जी निरोगी, ती दुसरीच्या पुस्तकाप्रमाणे शस्त्रक्रियेची धनी होते, आणि युरोपीय मोजपट्टीने पडदेवाल्या स्त्रियांची संख्या कितीतरी फुगते. ज्या रेषेची जागा समुद्र ओलांडला की बदलते, तिच्या भरवशावर कोणाच्या शरीरावर सुरी चालवावी काय?

प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात याहून मोठा धडा घडून गेलेला आहे, आणि तो नेमका याच अवयवाशी निगडित आहे. डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक १९३८ साली इंग्लंडमध्ये तयार झाले, आणि पुढच्या दशकात अमेरिकेत गर्भपात टाळण्यासाठी ते गर्भवतींना सर्रास दिले जाऊ लागले, कारण ते उपयोगी पडेल असे वाटणे अगदी स्वाभाविक होते. शिकागो येथे १९५३ साली त्याची तुलनात्मक चाचणी झाली आणि ते निरुपयोगी ठरले; तरीही आणखी अठरा वर्षे ते दिले जात होते, कारण काहीतरी दिले याचे समाधान डॉक्टरला आणि काहीतरी मिळाले याचे समाधान रुग्णाला हवे होते. १९७१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की हे औषध घेतलेल्या मातांच्या मुलींना तरुण वयात योनीचा एक दुर्मीळ कर्करोग होत आहे, आणि पुढे असे दिसले की त्या मुलींपैकी अनेकींचे गर्भाशय इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे, अरुंद पोकळीचे घडले होते. आईचा गर्भ वाचवावा म्हणून दिलेल्या औषधाने मुलीच्या गर्भाशयाची घडणच बिघडवली. याहून कडू विपर्यास वैद्यकाच्या दप्तरात क्वचितच सापडेल.

कायद्याच्या बाबतीतही आकाराला नको तेवढे वजन देण्याचा हाच कल डोकावतो. सरोगसीच्या २०२१ च्या कायद्याखालील २०२२ च्या नियमांत, दुसऱ्या स्त्रीच्या उदरात मूल वाढवण्याची मुभा कोणाला मिळावी याची जी यादी आहे, तीत गर्भाशय नसलेल्या स्त्रीबरोबरच लहान एकशृंगी आणि टी-आकाराचे गर्भाशयही नमूद केलेले आहेत. जिला गर्भाशयच नाही तिच्याबद्दल वाद नाही; अशा मुलीचे अंडाशय सहसा सुस्थितीत असतात, आणि गैरसोय असते ती केवळ मूल वाढवण्याच्या जागेची. एकशृंगी गर्भाशयाच्या स्त्रियांना मात्र स्वतःची मुले होतात, जरी अपुऱ्या दिवसांची असली तरी. तेव्हा जिल्हा वैद्यकीय मंडळाने तिच्या अर्जावर शिक्का मारण्याआधी तिला हे कोणी नीट सांगितले का, याची चौकशी करावी. सरकारचेही पाऊल येथे डळमळीतच पडले. २०२३ च्या मार्चमध्ये नियम असा बदलला की सरोगसीत दात्याचे बीज चालणार नाही. गर्भाशय जन्मतः नसलेल्या आणि स्वतःचे अंडे देऊ न शकणाऱ्या एका विवाहितेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यायालयाने तिच्यापुरती त्या नियमाला स्थगिती दिली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारला नियम पुन्हा दुरुस्त करून, पतिपत्नींपैकी एकाचे बीज असल्यास दुसरे दात्याचे चालेल, असे म्हणावे लागले. पुण्यात २०१७ च्या मे महिन्यात देशातले पहिले गर्भाशय-प्रत्यारोपण झाले ते जन्मतः गर्भाशय नसलेल्या एका तरुणीवर, आणि तो अवयव तिच्या आईने दिला. ज्या पिशवीत ती स्वतः वाढली ती पिशवी! हे शल्यकौशल्य वंदनीय आहे. पण प्रत्यारोपणाचा प्रकाश जितका झगझगीत, तितकाच त्याच्या सावलीत राहिलेला हजारो बायांचा प्रश्न साधा आणि स्वस्त आहे.

तो असा. गर्भाशयाचा बाहेरचा आकार नीट पाहिल्यावाचून पडदा आणि दुशिंगी पिशवी यांतला फरक कळत नाही, आणि नेहमीच्या सोनोग्राफीत तो चुकण्याचा संभव असतो. त्रिमिती सोनोग्राफी किंवा एमआरआयने तो उलगडतो, पण दिवस जाण्यापूर्वीच, कारण पुढच्या महिन्यांत ताणलेल्या भिंतींमागे मूळ घडण झाकली जाते. ज्यांना पाळीच्या असह्य वेदना आहेत, ज्यांना मूत्रपिंड एकच आहे, ज्यांचा गर्भ दुसऱ्या तिमाहीत पडला आहे, त्यांची ही तपासणी आधी झालीच पाहिजे. रचनाभेद सापडला तर त्याचे नाव साध्या मराठीत माता व बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहावे. चौथ्या महिन्यापासून गर्भाशयमुखाची लांबी मोजत राहावे, ते आखडू लागले तर टाका घालण्याचा विचार तेव्हा करावा, आधीच सर्वांना टाके घालू नयेत. आणि लवकर कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुफ्फुसासाठी द्यायचे डेक्सामेथासोनचे इंजेक्शन गावच्या उपकेंद्रातील परिचारिकेलाही पाठवणीपूर्वी देता येते, ही केंद्र सरकारची २०१४ पासूनची तजवीज तिला माहीत असावी.

यात आपली एक गोड रीत आड येते. सातव्या महिन्यात ओटीभरण झाले की मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघते, आणि तिचे कागद सासरच्या गावच्या डॉक्टरकडे राहतात. म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची भीती जेव्हा सर्वांत अधिक, नेमक्या त्याच आठवड्यात तिचा वैद्य बदलतो आणि नव्या वैद्याला तिच्या पिशवीची घडण ठाऊक नसते. माहेरपण हिरावून घ्यावे असे कोण म्हणेल? पण माहेराहून नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे हे ओटी भरण्याआधी विचारले जावे, आणि अंतर फार असेल तर आईनेच लेकीकडे येऊन राहावे.

राहता राहिले सिझर. पुष्कळ स्त्रियांच्या पिशवीची निराळी घडण पहिल्यांदा उघड होते ती सिझरच्या टेबलावर, जेव्हा डॉक्टरला ती प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसते; तेव्हा टाके घालून झाल्यावर घरी पाठवण्याच्या कागदावर 'द्विशृंगी गर्भाशय, पुढील वेळी लवकर तपासणी, मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी' अशी एक ओळ लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. ती ओळ लिहिणे सरकारने बंधनकारक करावे, आणि त्या कागदाची एक प्रत त्या बाईच्या हाती, तिला वाचून दाखवून, द्यावी.